मांडवीची जावक

बडोद्यास प्रथमच आलेल्या पाहुण्यास लक्ष्मीविलास राजवाडा आणि कमाठी बाग दाखविण्याचा आम्हां बडोदेकरांचा प्रघात आहे. पाहुणा प्रसन्न होतो, छायाचित्रे घेतो आणि आपल्या गावी परततो. माझ्या वडिलांची रीत मात्र निराळी होती. ते पाहुण्याला आधी मांडवीत आणून उभे करीत आणि म्हणत, "हे बडोदे. बाकीचे सगळे मागाहून आलेले." वडील गेले, ती रीत मी आजवर चालवीत आलो आहे.

मांडवी म्हणजे कोटाच्या आतील जुन्या शहराचा मध्यबिंदू. मोगल अमदानीतली ही चौकोनी वास्तू. प्रत्येक बाजूस तीन-तीन कमानी, आणि वरचे मजले नंतरच्या काळात चढविलेले. येथून चार रस्ते चार दिशांना निघतात आणि चार दरवाजांशी जाऊन पोहोचतात. पश्चिमेस लहरीपुरा, पूर्वेस पाणी दरवाजा, उत्तरेस चांपानेर आणि दक्षिणेस गेंडी. कमानीखाली उभे राहिले की विठ्ठलमंदिरातील घंटा ऐकू येते. १९०८ मध्ये सुरू झालेल्या बँक ऑफ बडोदाचा आरंभही ह्याच परिसरातला. इतक्या शतकांचे ओझे वाहून ही वास्तू आता थकली आहे. २०२५ मध्ये तिच्या खांबांची पडझड झाली आणि तिला टेकू द्यावे लागले, हे वाचून बाहेरगावी असलेल्या अनेक बडोदेकरांच्या जिवाला चुटपुट लागली असेल.

मराठीचा शिक्षक असल्यामुळे 'मांडवी' ह्या शब्दापाशी मी नेहमीच थबकतो. आपल्या जुन्या मराठीत मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. संस्कृत शिलालेखांतून 'मण्डपिका' हा शब्द ह्याच अर्थाने येतो. मुंबईच्या बंदरालगतची मांडवी, कच्छच्या किनाऱ्यावरची मांडवी ही त्याच कुळातली नावे. गोव्याच्या नदीचे नावही काही जण ह्या शब्दाशी जोडतात. शहरात येणारा माल अशा ठिकाणी थांबावयाचा, त्याचे वजनमाप व्हावयाचे, त्याची नोंद व्हावयाची आणि मगच तो पुढे जावयाचा. कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर मांडवी ही शहराची आवक-नोंदवही होती. माझ्या कचेरीत टेबलावर दोन वह्या असतात. एक आवक, एक जावक. शहराची आवक-वही मांडवीने सांभाळली. मग जावक-वही कोणी सांभाळली? शहर जे टाकते त्याची नोंद कोठे होती? हा प्रश्न मला अनेक वर्षे पडलाच नव्हता. तो कसा पडला, ते ह्या लेखात सांगावयाचे आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे आणि तीही सांगणे ओघानेच आले.

आमचे जुने घर मांडवीपासून हाकेच्या अंतरावर, एका पोळीत होते. आजी त्या घरात लग्न होऊन आली तेव्हा टाकण्यासारखे घरात होते तरी काय, असे ती आम्हांस विचारी. खरकटे गाईपुढे जाई. चुलीच्या राखेने भांडी घासली जात. जुनी लुगडी बोहारीण नेई आणि भांडे देऊन जाई. कागद किराण्याच्या पुड्यांसाठी परत दुकानात. जे काही उरे ते केर, पालापाचोळा आणि मातीच्या फुटक्या मडक्यांचे तुकडे. ते उकिरड्यावर जाई आणि पावसाळ्याआधी त्याचे खत शेतकरी मागून नेत. मैल्याचेही तेच. टोपल्यांचे संडास होते. तो मैला गाड्यांतून कोटाबाहेर जाई आणि मातीत मुरून त्याचे सोनखत होई. 'सोनखत' हा शब्द ज्याने घडविला त्याला मी मनोमन नमस्कार करतो. आपल्या भाषेने घाणीला दिलेले ह्याहून आदराचे नाव मला ठाऊक नाही.

परंतु भाषेने खताला दिलेला आदर ते वाहणाऱ्या माणसाला समाजाने दिला नाही. ही गोष्ट दडवून जुन्या दिवसांचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. टोपली ज्यांच्या डोक्यावर होती त्यांना कोटाच्या आत मानाची जागा नव्हती. ह्याच बडोद्यात १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या चाकरीत रुजू होण्यास आले, तेव्हा एवढ्या विद्वान माणसास राहावयास घर मिळाले नाही. कमाठी बागेत झाडाखाली बसून त्यांनी त्या अपमानाचा विचार केला. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. घाण वेशीबाहेर आणि माणूसही वेशीबाहेर, असा तो न्याय होता. हाताने मैला वाहण्याच्या प्रथेस १९९३ च्या आणि पुढे २०१३ च्या कायद्याने बंदी झाली. गटारात उतरून माणसे गुदमरल्याच्या बातम्या मात्र त्यानंतरही येत राहिल्या.

ह्या विषयात मराठी माणसांनी आणि मराठी संस्थानांनी केलेले काम आपल्या वाचकांस आवर्जून सांगण्यासारखे आहे. सयाजीराव महाराजांनी आजव्याचे सरोवर बांधवून शहराला नळाचे पाणी दिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कोटाच्या भागात भूमिगत गटारांची योजना हाती घेतली. पॅट्रिक गेडीस ह्या नगररचनाकाराने १९१६ मध्ये बडोदे शहरावर अहवाल लिहिला. पुढे इंदुरास होळकरांच्या दरबारी काम करीत असता त्याने प्लेग निवारणासाठी शहर स्वच्छ करविले आणि दिवाळीत मिरवणूक काढून सफाई कामगारांना तिच्यात मानाने चालविले. त्याच इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड ह्यांनी पालापाचोळा, शेण, मूत्रमाती आणि राख ह्यांचे थर देऊन खत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. दोघांचे पुस्तक १९३१ मध्ये निघाले आणि 'इंदूर पद्धती' हे नाव जगभर गेले. हॉवर्डचे नाव सर्वत्र घेतले जाते. वाडांचे आपण तरी घ्यावे. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः भंगीकाम केले आणि मैल्याचे खत करणारे संडास बांधून दाखविले.

ह्या सर्वांच्या कामामागे एकच तत्त्व होते. मातीतून जे आले ते मातीला परत दिले, तर माती ते पचविते. म्हणूनच आपल्याकडे 'उकिरड्याचीही दैना बारा वर्षांनी फिटते' अशी म्हण पडली. माझाही ह्या म्हणीवर पूर्ण विश्वास होता आणि त्या विश्वासानेच माझा घात केला.

मी ज्या सरकारी शाळेचा मुख्याध्यापक आहे ती शहराच्या कडेला आहे. सात वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत प्रयोगशाळेची कपाटे साफ करण्याचे काम निघाले. रसायनांच्या जुन्या बाटल्या, कित्येकांवरची चिठ्ठी उडालेली, काही बुचे गंजलेली. शिपायाने त्या एका पाटीत भरल्या आणि माझ्या दारात येऊन विचारले, "साहेब, आ बधुं क्यां नाखीए?" मी त्या वेळी कसलेसे पत्रक भरीत होतो. मान वर न करताच मी म्हणालो, "मागे कुंपणाशी खड्डा काढ आणि पुरून टाक." त्याने आज्ञा पाळली. मीही ते विसरून गेलो. वेशीबाहेर टाकले की टाकले, हा आपला पिढीजात संस्कार. शाळेचे कुंपण हीच माझी वेस होती.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत विज्ञान शिकविण्यास एक तरुण बेन आल्या. कपाटाची यादी आणि कपाटातील बाटल्या ह्यांचा मेळ लागेना, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. मी सहज सांगितले, "जुने होते ते पुरले." त्यांनी यादीतील एका ओळीवर बोट ठेवले. पोटॅशियम डायक्रोमेट, पाचशे ग्रॅम. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "साहेब, खड्डा बोअरच्या हातपंपापासून किती लांब आहे?"

मी पावले मोजली. पंचवीस भरली.

त्या रात्री मला झोप आली नाही. आमचे थोरले मेहुणे, घरातले अण्णा, इथल्या एका मोठ्या रासायनिक कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांना सर्व सांगितले. त्यांनी मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाले, "भाऊजी, रविवारी माझ्याबरोबर गाडीतून चला. तुम्हांला बडोद्याचा मागचा दरवाजा दाखवितो."

उत्तरायण नुकतेच सरले होते. फाटके पतंग तारांवर लोंबत होते. आम्ही मांडवीहूनच निघालो. लहरीपुरा दरवाजा, न्यायमंदिर, सूरसागर अशी ओळखीची वाट संपवून विश्वामित्रीच्या पुलावर आलो. पावागडच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी शहरातून वळणे घेत जाते आणि पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. तिच्या मगरींचे आम्हांस कौतुक. परंतु तिच्या पाण्याकडे आम्ही पाठ फिरविली आणि सांडपाणी, केर, पाडलेल्या घरांचे दगडविटा सर्व तिच्या काठी लोटले. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नदीला जो पूर आला तो घराघरांत शिरला आणि ओसरला तेव्हा गल्लोगल्ली चिखल आणि कचऱ्याचे ढीग ठेवून गेला. पुलावर अण्णा म्हणाले, "जावक केलेला माल परत आला. पत्ता चुकीचा लिहिला होता ना!"

तेथून आम्ही गोरव्याकडे वळलो. गोरवा एके काळी शहराबाहेरचे गाव होते. आज ते शहराच्या पोटात आहे. ह्या भागातील एका रसायनाच्या कारखान्याने क्रोमियमयुक्त कचऱ्याचे ढीग जमिनीवर साठू दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये नेमलेल्या देखरेख समितीने २००४ मध्ये त्याची दखल घेतली, तेव्हा त्या कचऱ्याचे वजन पाऊण लाख टनांच्या घरात असल्याचे पुढे आले. तमिळनाडूत राणीपेटलाही असाच ढीग एका बंद पडलेल्या कारखान्यामागे वर्षानुवर्षे पडून राहिला. तो तर दोन लाख टनांहून मोठा. अण्णांनी गाडी हळू केली आणि मला मास्तरांसारखे समजावून सांगितले. "क्रोमियमची दोन रूपे लक्षात ठेवा. एक हिरवे, ते फारसे विरघळत नाही, जागचे हलत नाही. दुसरे पिवळे-नारिंगी, ते पावसाच्या पाण्यात साखरेसारखे विरघळते आणि जमिनीखालून चालू लागते. विहिरीत उतरले तर पाणी पिवळे दिसते. पण पिवळे दिसण्याआधीच ते घातक झालेले असते. तुमची बाटली दुसऱ्या जातीची."

"मातीत मुरून जाणार नाही का?" मी विचारले. मनात ती म्हणच होती.

"शेणखत भरपूर असलेल्या मातीत काही अंश हिरवा होतो. सगळा होईल असे कोण सांगणार? आणि धातू कुजत नाही, भाऊजी. बारा वर्षांनी क्रोमियम ते क्रोमियमच."

पुढे कोयली, बाजवा, नंदेसरी हा सारा कारखान्यांचा पट्टा. कोयलीचे तेलशुद्धीकरण १९६५ च्या सुमारास सुरू झाले, खताचा कारखाना त्याच दशकातला आणि पेट्रोरसायनांचा प्रकल्प त्याच्या अखेरीस आला. आपल्यापैकी शेकडो मराठी कुटुंबांचा संसार ह्याच चिमण्यांच्या धुरावर उभा राहिला आहे. अण्णांचा आहे आणि माझी पत्नी त्यांच्याच आधाराने शिकली, तेव्हा माझाही आहे. म्हणून ह्या कारखान्यांना नुसती दूषणे देण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. आरंभी येथले दूषित पाणी मिनी नदीत आणि तिच्यातून महीत जाई. त्यावर उपाय म्हणून धनोऱ्यापासून सारोदपर्यंत सुमारे ५६ किलोमीटर लांबीचा पक्का कालवा बांधण्यात आला आणि तो १९८३ मध्ये सुरू झाला. कारखान्यांनी पाणी ठरावीक मर्यादेपर्यंत शुद्ध करावे, ते कालव्यात सोडावे आणि कालव्याने ते जंबुसर तालुक्यात, महीच्या मुखाजवळ समुद्राला द्यावे, अशी ती योजना. अण्णा त्या काळी उमेदवारीत होते. "आम्हांला त्या वेळी वाटले होते की प्रश्न सुटला," ते म्हणाले.

पादरा तालुक्यात एका ठिकाणी रस्ता कालव्याला ओलांडून जातो. तेथे आम्ही उतरलो. हा तालुका भाजीपाल्याचा. बडोद्याच्या मंडईतली भाजी बरीचशी इकडूनच येते. पाण्याच्या टंचाईच्या वर्षांत कालव्याकाठच्या शेतकऱ्यांनी त्यात पंप टाकून तेच पाणी पिकांना दिले, ही गोष्ट पर्यावरणाच्या कार्यकर्त्यांनी पूर्वीच उजेडात आणली होती. समुद्राकडे निघालेले पाणी वाटेतच जमिनीत उतरले आणि विहिरींपर्यंत गेले. बांधावर एक वृद्ध शेतकरी बसले होते. मी त्यांना विचारले, "काका, हे पाणी तुम्ही कधी शेताला दिले होते का?" ते म्हणाले, "दिले होते. पाणी ते पाणी, साहेब. पीक डोळ्यांदेखत वाळत असते तेव्हा माणूस नाव-गाव विचारीत बसत नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "पहिली दोन वर्षे पीक जोमाने आले. मग जमीन रुसली."

मला त्या म्हाताऱ्याचा राग आला नाही. शाळेच्या टेबलाशी बसून, कोणतीही अडचण नसताना, मी जे केले त्यापुढे त्यांचे करणे कितीतरी क्षम्य होते.

सारोदपर्यंत जाण्याचे त्राण उरले नव्हते. परतीच्या वाटेवर अण्णांनी मला कायद्याच्या चार गोष्टी सांगितल्या. उदयपूरजवळच्या बिछडी गावात रंगद्रव्याच्या कारखान्यांच्या गाळाने विहिरी नासल्या. त्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरण्याचा खर्च सोसावा. इथल्याच पर्यावरण सुरक्षा समितीच्या अर्जावर २२ फेब्रुवारी २०१७ रोजी त्याच न्यायालयाने निकाल दिला की ज्या कारखान्याची स्वतःची जलशुद्धीकरण यंत्रणा चालू नसेल, त्याला मुदत देऊन नंतर बंद करावे. आणि ज्या गोष्टीने मला सर्वांत अधिक चकित केले ती म्हणजे धोकादायक कचऱ्याची पावती. २०१६ च्या नियमांप्रमाणे असा कचरा कारखान्याबाहेर पडताना त्याच्यासोबत सात रंगांच्या सात प्रती निघतात. टाकणारा, वाहणारा, स्वीकारणारा आणि सरकारी मंडळ अशा सर्वांच्या दप्तरी एकेक प्रत राहते. माल किती निघाला, कोणत्या वाहनाने गेला, कोठे पोहोचला आणि पोहोचल्याची सही, हे सर्व त्यात आले. मी अण्णांना म्हणालो, "म्हणजे ही मांडवीच झाली की! फक्त बाहेर जाणाऱ्या मालाची." अण्णा हसले. "मांडवी खरी. पण मांडवी चुकवून माल काढणारे तेव्हाही होते."

सोमवारी शाळेत गेल्यावर पहिले काम हातपंपाला साखळी घालण्याचे केले. पाण्याचा नमुना तपासणीस पाठविला. मग शिपायाला जागा दाखवावयास सांगून, हातमोजे आणि तोंडाला फडके बांधून, बेनच्या देखरेखीखाली खड्डा उकरविला. बाकीच्या बाटल्या धड सापडल्या. डायक्रोमेटची बाटली तळाशी फुटलेली होती. तिच्यात सुमारे निम्मे स्फटिक शिल्लक होते आणि खालची माती वीतभर खोलीपर्यंत पिवळी पडली होती.

मी मराठीचा माणूस; परंतु त्रैराशिक मला येते. त्या संध्याकाळी रिकाम्या वर्गात फळ्यापाशी उभा राहून मी हिशेब मांडला. निम्मी बाटली म्हणजे २५० ग्रॅम. त्यात क्रोमियम सुमारे ८८ ग्रॅम. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक क्रोमियम नसावे. म्हणजे तेवढे क्रोमियम सुमारे १७ लाख ६८ हजार लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत आणून ठेवू शकते. आमच्या शाळेत तीनशे मुले. प्रत्येकी दोन लिटर धरले तर दिवसाला सहाशे लिटर. भागाकार आला २,९४७ दिवस. वर्षाचे शाळेचे दिवस २३० धरले तर बारा वर्षांहून अधिक. माझ्या म्हणीतली बारा वर्षे अशी माझ्यासमोर फळ्यावर येऊन उभी राहिली. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते खरी. माझ्या एका वाक्याने मात्र बारा वर्षांची दैना मांडून ठेवली होती.

पाण्याचा अहवाल आला. क्रोमियम मर्यादेच्या आत होते. मी देवाचे आभार मानले. पण हातपंप उघडला नाही. एका नमुन्याने पुढच्या पावसाळ्याची हमी मिळत नाही. मुलांना आता नळाचेच पाणी मिळते आणि हातपंपाच्या पाण्याची दर सहामाहीस तपासणी करण्याचे ठरविले आहे. उकरलेली माती आणि बाटल्या पिंपांत भरून ठेवल्या. दोन महिने पत्रव्यवहार झाला, कारण शाळेची पिंपे नेण्याचा प्रसंग कोणावर पूर्वी आलाच नव्हता. अखेर परवाना असलेली गाडी आली. चालकाने रंगीत प्रतींचा गठ्ठा पुढे केला आणि मी सही केली. तीस वर्षांच्या नोकरीत हजारो कागदांवर सह्या केल्या असतील. इतक्या लक्षपूर्वक एकही केली नव्हती. पिवळी माती आम्ही शक्य तितकी काढली. तरी त्या २५० ग्रॅमपैकी किती आमच्या हाती लागले आणि किती जमिनीखालून चालू लागले, हा हिशेब आजही पुरा झालेला नाही.

बेननी ह्या प्रसंगाचा एक धडाच केला. त्यांनी परीक्षानळीत चिमूटभर नारिंगी डायक्रोमेट पाण्यात विरघळविले, त्यात थोडे आम्ल आणि हिराकशीचे पाणी घातले. मुलांच्या डोळ्यांदेखत नारिंगी रंग जाऊन हिरवा आला. मग चुन्याची निवळी घातली, तेव्हा हिरवट तपकिरी गाळ तळाशी बसला. मोठ्या कारखान्यांतही मुळात हीच रीत वापरतात, असे त्या म्हणाल्या. एका मुलाने विचारले, "बेन, आता हा गाळ कुठे टाकायचा?" वर्गात हशा पिकला. मी मागच्या बाकावर बसलो होतो. मला हसू आले नाही. शिपायाने सात वर्षांपूर्वी मला विचारलेला तोच प्रश्न होता आणि ह्या वेळी त्याचे उत्तर कोणीतरी मान वर करून देणार होते. गाळही बरणीत बंद झाला, बरणीवर चिठ्ठी लागली आणि नोंद झाली.

आमच्या प्रयोगशाळेत आता दोन वह्या आहेत. जावक-वहीत विझलेली बल्बनळी, फुटलेला उष्णतामापक, संपलेल्या विद्युतघटांची संख्या, मुदत संपलेली रसायने, सर्व लिहिले जाते आणि ते कोणाच्या हाती दिले ह्याची सही घेतली जाते. मी ती वही आमच्या घरीही सुरू करविली. पहिल्या महिन्यात सौ. हसल्या, दुसऱ्या महिन्यात त्यांनीच रंगाचा अर्धा डबा, जुनी औषधे आणि झुरळांच्या औषधाची बाटली वेगळी काढून ठेवली. खरकटे आणि भाजीची देठे कुंडीत जातात आणि त्यांचे खत होते. आजीच्या काळचे ते शास्त्र अद्याप खरे आहे. फक्त आजीच्या घरात विद्युतघट नव्हते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

ग्वाल्हेर, इंदूर, देवास, तंजावर, हैदराबाद, जेथे कोठे हा अंक पोहोचत असेल, तेथे आपल्याही गावाला अशी एखादी वेस असेल आणि वेशीबाहेर एखादे गोरवा असेल. आमच्यासारखेच आपणही अनेक पिढ्या तेथे नांदत आहात. त्या गावाच्या आवकेत आपला वाटा आहे, तसाच जावकेतही आहे. एकदा सवड काढून आपल्या घरचा कचरा कोठवर जातो ते पाहून या, एवढीच विनंती.

गेल्या आठवड्यात पुण्याहून भाचा आला होता. रीतीप्रमाणे त्याला मांडवीत नेले. टेकू दिलेल्या कमानींकडे पाहत तो म्हणाला, "मामा, इथे काय मोजत असत?" मी म्हणालो, "शहरात येणारे सगळे."

"आणि जाणारे?"

"ते मोजायचे राहून गेले होते," मी म्हणालो. "चल, आता तेही दाखवितो." आणि आम्ही लहरीपुऱ्याच्या वाटेने विश्वामित्रीकडे निघालो.